मागणी शून्य

माणिकपूरला हिलरी तुस्कानोचा स्टुडिओ होता. पहिल्या मजल्यावर तीन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर आणि गिऱ्हाइकांसाठी बाक, मधल्या खोलीत लग्नाचे अल्बम रचणारे डिझायनर, आणि मागं, जिथं हिलरीच्या वडलांची अंधारखोली होती, तिथं आता सर्व्हर. सर्व्हर म्हणजे गुडघ्याएवढं काळं खोकं. वसई-विरारमधल्या नऊ वर्षांच्या लग्नांचे सगळे फोटो त्या खोक्यात होते, आणि ते खोकं सांभाळायचं काम विपुल सावेचं.

विपुल आगाशीचा. घरची पानवेलींची आणि केळीची वाडी. वडील भालचंद्र पंचाहत्तरी उलटली तरी सकाळी पाटाला पाणी सोडायला स्वतः जात. विपुलला मात्र मातीपेक्षा तारांत हात घालायची हौस. वय अडतीस. स्कूटर पंक्चर झाली तर आधी खिळा शोधणार, मग शिव्या देणार, असा माणूस. चहाच्या वेळी कुणी भुताखेताचा विषय काढला की हा कप गोळा करायला उठायचा.

स्टुडिओत अल्बमांपेक्षा जुनं असं एक काम चालायचं. फ्रेमचा फोटो. आपल्याकडे माणूस एकटा कॅमेऱ्यापुढे बसतो कधी? ओळखपत्रासाठी, आणि त्यात तो हमखास चोरासारखा दिसतो. बरा फोटो म्हणजे कुणाच्या तरी लग्नातला, पंचवीस जणांच्या घोळक्यातला, कोट-टाय घातलेला. माणूस गेला की घरचे येतात आणि म्हणतात, अमक्याच्या लग्नात आमचे बाबा छान आले होते. मग त्या घोळक्यातून एक चेहरा कापायचा, मोठा करायचा, मागचा मांडव पुसून तिथं आकाशी निळा रंग भरायचा. ख्रिस्ती घरात तो शवपेटीच्या पायथ्याशी ठेवतात, हिंदू घरात त्याला हार घालतात. हिलरीच्या वडलांनी घालून दिलेला नियम होता, मयताचं काम आधी. कितीही मोठ्या लग्नाचा अल्बम चालू असो, तो बाजूला.

त्या जानेवारीत, म्हणजे दोन हजार दहा सालच्या, एक मुलगा आईचा फ्रेमचा फोटो करून घ्यायला आला आणि फाइल उघडेना. चारही डिझायनर एकाच वेळी सर्व्हरकडे काही ना काही मागत होते, आणि खोक्यातल्या जुन्या डिस्क करकरत, धापा टाकत एकेकाला पुरवत होत्या. अकरा मिनिटं लागली. तो मुलगा अकरा मिनिटं पडद्यावरची सरकती पट्टी बघत उभा होता. त्याच्या पायांत चपलासुद्धा नव्हत्या.

तो गेल्यावर हिलरी मागच्या खोलीत आला. "विपुल, कायतरी कर बाबा. मानूस घरात ठेवून येतात रे ती लोकं. लाज वाटली मला आज."

म्हणून विपुलनं सर्व्हरला एसएसडी बसवली. तेव्हा ही वस्तू नवी होती. गोल फिरणारी चकती नाही, सुई नाही, नुसत्या चिपा. हिलरीला त्यानं दुकानाच्या भाषेत समजावलं. सगळा माल मागं गोदामात, जुन्या डिस्कवर, तसाच राहणार. ही एसएसडी म्हणजे गल्ल्याशेजारचं फडताळ. जो माल गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा मागतं तो यंत्र आपणहून या फडताळावर आणून ठेवतं. पुढच्या वेळी मागितला की हात लांब केला आणि दिला.

"आनि कोनी मागितलाच नाय तर?"

"तर तो वर येतच नाही. मागितल्याशिवाय काही वर येत नाही."

उपवासकाळ लागला होता. ईस्टरपर्यंत ख्रिस्ती घरांत लग्नं नसतात, त्यामुळे स्टुडिओला उसंत होती. विपुलनं एका दुपारी सगळं बंद करून नवी डिस्क आत सरकवली आणि पुन्हा सुरू केलं. आचोळ्याहून येणारी डिझायनर सुझान हिनं चालू अल्बमची फाइल दुसऱ्यांदा उघडली आणि हात माऊसवरच ठेवून मागं वळली.

"सर, क्लिक केलं आणि लगेच आली. आवाज पण नाही केला काही."

खरंच होतं ते. पूर्वी कुणी काही मागितलं की मागच्या खोलीतून करकर ऐकू यायची. आता नुसता पंखा. विपुलला त्या शांततेचा अभिमान वाटला. हिलरीनं खालून बटाटावडे मागवले.

फडताळ नीट चालतंय का ते बघायला विपुलनं एक छोटा प्रोग्राम लिहिला. एसएसडीवर या घडीला कुठल्या फाइली आहेत, आणि फडताळावर आल्यापासून प्रत्येक किती वेळा मागितली गेली, याची यादी तो दाखवायचा. फाइलचं नाव, पुढं मागणीचा आकडा. चालू अल्बमच्या फाइली वर, चाळीस, पंचावन्न, सत्तर असे आकडे. एका मंगळवारी या आकड्यांच्या खाली त्याला एक ओळ दिसली. राजोडीचं एक लग्न, सन दोन हजार चार, वराकडच्या मंडळींचा फोटो. मागणी शून्य.

विपुलनं जीभ चावली. शून्य मागणीची फाइल फडताळावर असूच शकत नव्हती. प्रोग्राममध्ये आपणच काहीतरी घोळ घातला, असं म्हणून त्यानं तो दोनदा वाचून काढला. घोळ सापडला नाही. सुझानला विचारलं, तर राजोडीचं कुठलंच काम हातात नव्हतं.

शुक्रवारी दुपारी काउंटरशी फ्लॉसी म्हणून एक बाई आली. काळा पोशाख, हातात रुमाल, सोबत दीर. नवरा मार्सेल गुरुवारी रात्री जेवून उठला आणि ओट्यापाशी पडला. राजोडीला पुतण्याच्या लग्नात काढलेला फोटो आहे, दोन हजार चार साली, असं ती म्हणाली. सुझाननं नाव टाकलं, आणि फोटो क्षणात पडद्यावर आला. मार्सेल दुसऱ्या ओळीत उभा होता, कोटाला गुलाबाचं फूल.

"बरं झालं, वेळ नाय लावला," फ्लॉसी म्हणाली.

विपुल दारात उभा होता. त्याच्या मनात पाल चुकचुकली, पण त्यानं तिला हाकलून लावलं. योगायोग नावाची एक सोय माणसानं करून ठेवली आहे, ती अशा वेळी कामाला येते.

पुढच्या आठवड्यात त्यानं एसएसडी पूर्ण पुसली. फडताळ रिकामं केलं म्हणा ना. सोमवारी रात्री काम आटोपल्यावर सगळं कोरं होतं. मंगळवारी सकाळी स्टुडिओ उघडल्यावर, एकाही डिझायनरनं कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी, यादीत एकच ओळ होती. आचोळ्याचं लग्न, दोन हजार सहा, वधूचे मामा-मावश्या. मागणी शून्य.

गुरुवारी आचोळ्याहून फोन आला. वधूचे मामा, रमेश नावाचे, रुग्णालयात वारले होते.

आता योगायोगाच्या सोयीला भोक पडलं. विपुलला रात्री जेवण जाईना. बायकोनं, स्वप्नानं, विचारलं तर स्टुडिओत काम वाढलंय म्हणाला. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून शनिवारी चहाच्या वेळी त्यानं हिलरीला मागच्या खोलीत बोलावलं आणि सगळं सांगितलं. हिलरी हसेल, आपली टर उडवेल, आणि मग आपणही हसू, अशी त्याला आशा होती.

हिलरी हसला नाही. तो स्टुलावर बसला आणि भिंतीकडे बघत राहिला. त्या भिंतीवर पूर्वी निगेटिव्हच्या पाकिटांचे खण होते.

"बाबाच्या टायमाला निगेटिव्ह असायच्या ना," तो म्हणाला. "पाकिटं सगळी सालावारी लावलेली. कधीकधी सकाळी दुकान उघडला की एखादा पाकीट दोन बोटं पुढं आलेला असायचा. आम्ही म्हनायचो उंदीर."

"आणि?"

"आनि काय? दोन-चार दिवसांत त्यातलाच फोटो मागायला कोन ना कोन यायचा."

"मग तुम्ही काय करायचा?"

"काय करनार? पाकीट मागं सारायचा. बाबानं एक सांगितलेलं, उघडून बघायचा नाय आत कोन हाय ते." त्यानं कप खाली ठेवला. "तू पन बघू नको. ती यादीबिदी बंद कर. सर्व्हर चालतोय ना फास्ट? मग झाला."

शहाण्या माणसानं ऐकलं असतं. विपुल शहाणा होताच, पण कारण शोधल्याशिवाय गप्प बसायचा नाही, अशा जातीचा शहाणा. त्यानं यादी बंद केली नाही. उलट आणखी बारीक केली.

त्याचं असं होतं. सर्व्हर अख्खी फाइल वर आणत नसे, तिचे तुकडे आणत असे. जेवढे लागतात तेवढेच. आणि स्टुडिओतले मोठे फोटो अशा पद्धतीनं साठवलेले होते की फोटोची सगळ्यात वरची ओळ आधी, मग तिच्याखालची, मग तिच्याखालची, चटई विणत गेल्यासारखी. म्हणजे कुठला तुकडा वर आलाय ते कळलं, तर फोटोतला किती उंचीवरचा पट्टा आहे ते सांगता येत होतं. डावीकडचा की उजवीकडचा ते नाही. फक्त किती उंचीवरचा.

जुन्या नोंदी त्यानं बाहेर काढल्या. राजोडीच्या फोटोचा वर आलेला पट्टा वरून शंभरात तिसाव्या भागापासून बेचाळिसाव्या भागापर्यंत. त्यानं फोटो उघडला आणि पडद्याला पट्टी लावली. दुसरी ओळ. कपाळापासून कोटावरच्या गुलाबापर्यंत. आचोळ्याच्या फोटोचा पट्टा खालचा, खुर्च्यांवर बसलेल्यांचा. रमेशमामा खुर्चीवर डावीकडून तिसरे होते.

विपुलनं पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली. आपण भ्यालो आहोत हे त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं.

त्यानंतर रोज सकाळी आल्या आल्या तो यादी बघायचा. देवाला हात जोडावेत तसा. शून्यवाली ओळ नसली की दिवस हलका जायचा. ईस्टर झालं, लग्नं पुन्हा सुरू झाली, हिलरी सकाळपासून कुठल्या ना कुठल्या मांडवात असायचा. उन्हं तापली. दुपारी लोडशेडिंगमध्ये पंखे थांबले की खालच्या बेकरीतला पावाचा वास जिन्यानं वर यायचा.

एप्रिलातल्या बुधवारी, सकाळी साडेदहाला, यादीत ओळ होती. सावे, अमृतमहोत्सव, चौदा नंबर. मागणी शून्य.

ती फाइल त्याला उघडून बघायची गरज नव्हती. तो फोटो त्याच्या घरात टीव्हीवर उभा होता. वडलांच्या पंचाहत्तरीला हिलरीनं स्वतः वाडीत येऊन काढलेला. मागं केळी. उभे चौघं : विपुल, स्वप्ना, धाकटा भाऊ परेश आणि त्याची बायको. खुर्च्यांवर आई-बाबा. पुढं सतरंजीवर दोन मुलं : विपुलची नऊ वर्षांची ऋतिका आणि परेशचा आयुष.

बाबा, असं तो मनात म्हणाला. पंचाहत्तर म्हणजे काही कमी नाही. दुःख होईल, पण ते रीतीचं दुःख. त्यानं तुकड्यांचे आकडे मागवले आणि ते येईपर्यंत डोळे मिटून घेतले.

पट्टा अडुसष्ट ते एकोणऐंशी.

त्यानं फोटो उघडला. पट्टी दोन्ही हातांनी धरून पडद्याला लावली. अडुसष्टावर बाबांचे गुडघे आणि आईच्या मांडीवरचे हात होते. त्या उंचीवर चेहरे दोनच होते. सतरंजीवरचे.

तो उठला. बसला. पुन्हा उठला. डावीकडे ऋतिका होती, दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. उजवीकडे आयुष, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. पट्टा आडवा होता. डावं-उजवं सांगत नव्हता. आणि त्या क्षणी विपुल सावेच्या मनात, जो भावाच्या पोराला खांद्यावर बसवून आगाशीच्या जत्रेत फिरला होता, त्याच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं, उजवीकडचा असू दे.

त्यानं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, जणू ते मोठ्यानं बोललं गेलं होतं.

एसएसडी उपटून टाकावी असं त्याला वाटलं. पण थर्मामीटर फोडून ताप उतरत नाही एवढं त्याला कळत होतं. फोटो पुसून टाकावा? मार्सेलचा फोटो पुसला असता तर मार्सेल ओट्यापाशी पडला नसता का? बारा वाजले. लाइट गेले, यूपीएस पिपाणीसारखं वाजू लागलं. त्या आवाजातच त्याला ते सुचलं.

यंत्राला काय ठाऊक आहे? एवढंच, की हा पट्टा कुणीतरी मागणार आहे. का मागणार, ते यंत्राला कुठं ठाऊक आहे? मग मागूया की आपणच. चांगल्या कारणासाठी मागूया. मागणी पुरी झाली की फडताळावरून माल उतरेल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, विपुलला तर ओंडका सापडल्यासारखं झालं. लाइट येताच त्यानं घाईघाईनं ऋतिकाचा चेहरा फोटोतून कापला. स्टुडिओत वर्षानुवर्षं वापरलेली बटणं त्याच्या बोटांना पाठ होती. काप, मोठा कर, स्वच्छ कर, साठव, छाप. दहा मिनिटांत बारा बाय अठराचा फोटो हातात आला, अजून कोमट. आयुषचा त्यानं कापला नाही. का नाही कापला, याचा विचार त्यानं केला नाही, किंवा करायचा टाळला.

संध्याकाळी तो फोटो घेऊन घरी गेला. ऋतिकानं गुंडाळलेला कागद खेचून काढला आणि ओरडली, "पप्पा! एवढी मोठी मी?"

"वाढदिवसाला अजून चार महिने आहेत," स्वप्ना म्हणाली. "आत्ताच काय हे?"

"असंच. छान आली होती म्हणून."

ऋतिकाच्या हट्टापायी त्यानं लगेच खिळा ठोकला आणि फोटो हॉलमध्ये लावला. घरी येताना वाटेत तो परेशकडे डोकावून आयुषला चॉकलेट देऊन आला होता. पोरगं अंगणात बॅट घेऊन उभं होतं, हातपाय धडधाकट, गुडघ्याला माती. विपुलनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याच्या नजरेला नजर न देता निघाला होता.

गुरुवारी यादीतून चौदा नंबर नाहीसा झाला होता.

शुक्रवारीही नव्हता. शनिवारीही नव्हता. विपुल शीळ वाजवत जिना चढला. सुझाननं विचारलं, "सर, लॉटरी लागली का?" रविवारी त्यानं वाडीत बाबांबरोबर पाटाला पाणी सोडलं, दुपारी दोन वेळा भात घेतला. मन चिंती ते वैरी न चिंती, असं स्वतःलाच समजावून तो लोडावर आडवा झाला. दोन्ही मुलं ओटीवर पत्ते खेळत भांडत होती. त्या भांडणाचा आवाज ऐकत पडून राहण्याइतकं सुख त्याला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

तेवढ्यात त्याची आई, यशोदा, हात पुसत हॉलमध्ये आली आणि भिंतीकडे बघत थांबली.

"विपुल, हा फोटो उतरव."

"का गं आई?"

"मागं निळा कशाला लावलास? असला निळा मेलेल्या मानसाच्या फोटोला असतो. कोनी सांगितला तुला माझ्या पोरीला लावायला?"

विपुल उठून बसला. त्यानं फोटो बघितला, चार दिवसांत पहिल्यांदाच नीट बघितला. ऋतिका हसत होती. तिच्यामागं केळी नव्हत्या, आजोबांचे गुडघे नव्हते. आकाशी निळा रंग होता, वर फिका, खाली गडद. बोटांना पाठ असलेली ती बटणं. स्टुडिओत चेहरा घोळक्यातून कापून एकटा करायचा तो एकाच कामासाठी, आणि हातांनी ते काम सवयीनं, पूर्ण, व्यवस्थित केलं होतं. रंग भरला होता. फाइल 'फ्रेम' नावाच्या कप्प्यात ठेवली होती. तिथं मार्सेल होता, रमेशमामा होते.

त्यानं फोटो उतरवला आणि कपाटामागं सारला. "उद्या दुसरा आणतो," म्हणाला. ऋतिका रुसली, तिची समजूत स्वप्नानं घातली.

सोमवारी तो साडेनऊलाच स्टुडिओत पोचला. हिलरी नव्हता, तो आगाशीजवळच्या नंदाखालला लग्नाच्या कामावर होता. सुझान एकटीच येऊन बसली होती. विपुल थेट मागच्या खोलीत गेला, दार लावलं. फ्रेमच्या कप्प्यातली ती फाइल पुसायची, बस्स, एवढंच काम. पण सवय जाईना. आधी यादी उघडली.

ऋतिका, बारा बाय अठरा. मागणी शून्य.

तुकड्यांच्या रकान्यात पट्टा नव्हता. शून्यापासून शंभरापर्यंत. अख्खी फाइल.

आता कापायचं काही उरलं नव्हतं. कापून, मोठं करून, रंग भरून, सगळं त्यानंच तयार ठेवलं होतं.

त्यानं घरी फोन लावला. चार वेळा घंटा वाजली.

"अहो, काय झालं? एवढे धापा काय टाकताय?" स्वप्ना.

"ऋतिका कुठंय?"

"शाळेत. चित्रकलेचा शेवटचा पेपर आहे ना. आठलाच गेली रिक्षातून."

"पोचली?"

"न पोचायला काय झालं? तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

"तिला आणायला तू जा. आत्ताच जा."

"पेपर साडेदहाला सुटतो. जाते की. असं काय करताय?"

त्यानं फोन ठेवला. आठला गेलेलं मूल आता वर्गात बसून रंगवत असणार. रिक्षावाला ओळखीचा. शाळा घरापासून दोन किलोमीटर. सगळ्या गोष्टींची त्यानं एकेक करून खात्री केली, आणि शेवटची झाली की पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली.

पुसून टाक. आधी पुसून टाक.

तो कप्पा उघडून बसला. फाइल सापडत होती, पण तिच्यावर बाण नेण्याचं धाडस होईना. नाव तिचं होतं. स्वतःच्या हातानं तिचं नाव पुसायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं तो तसाच बसला. बाहेर एकदा फोन वाजला आणि लगेच उचलला गेला. सुझानचं हळू बोलणं ऐकू आलं, मग तेही थांबलं.

दहा वाजून पाच मिनिटांनी त्यानं दात आवळले आणि कळ दाबली.

फाइल गेली नाही. पडद्यावर चौकोन आला. ही फाइल पुसता येत नाही. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलेली आहे.

त्यानं यादीकडे बघितलं.

ऋतिका, बारा बाय अठरा. मागणी एक.

सर्व्हरमधून काहीच आवाज आला नव्हता. पंखा तसाच चालू होता.

विपुलनं दार उघडलं. मधल्या खोलीत सुझान पाठमोरी बसली होती. फोनचा रिसीव्हर अजून तिच्या हातात होता. पावलं ऐकताच तिनं पटकन हात लांब करून मॉनिटर बंद केला. मग ती उठली, आपली खुर्ची त्याच्यासाठी पुढं ओढली आणि दारापाशी जाऊन उभी राहिली.

"सर, तुम्ही बसा ना जरा," ती म्हणाली. त्याच्याकडे ती बघत नव्हती. "हिलरी सरांचा फोन होता. आगाशीहून निघालेत ते."